खड्डा

परदेशाहून आलेल्या मेहुण्याच्या शेजारी बसून त्याच्या मोबाइलमधली छायाचित्रे पाहणे हा संसारी माणसाच्या वाट्याला येणारा एक भोग आहे. तो टाळता येत नाही. तोंडात चकली असते, समोर चहा असतो, बायको भावाच्या खांद्यावरून कौतुकाने वाकून पाहत असते. आणि आपण प्रत्येक छायाचित्रानंतर 'वा!' म्हणायचे असते. दहाव्या 'वा'ला आवाज उतरतो, विसाव्या 'वा'ला जांभई येते. चाळिसाव्या 'वा'च्या सुमारास मी हल्ली नुसती मान डोलावतो. कॉलेजातल्या सभांना बसून बसून ही विद्या मला चांगली साधली आहे.

2019 च्या दिवाळीत आमचे मेहुणे इंग्लंडहून आले ते असेच एक प्रदर्शन खिशात घेऊन. त्या उन्हाळ्यात ते सहकुटुंब लान्सारोते नावाच्या बेटावर जाऊन आले होते. हे बेट आहे स्पेनच्या मालकीचे, पण बसले आहे आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ, अटलांटिक महासागरात. सारे बेट ज्वालामुखीने घडवलेले. 1730 साली तिथली जमीन फाटली आणि ती 1736 पर्यंत शांत झाली नाही. सहा वर्षे आगीचे लोंढे वाहत होते आणि गावेच्या गावे त्याखाली गडप झाली. तिथल्या एका धर्मगुरूने त्या दिवसांची हकीगत लिहून ठेवली, म्हणून आज आपल्याला हे सारे कळते.

मेहुण्यांना मात्र त्या धर्मगुरूपेक्षा आपला पराक्रम सांगायची घाई होती. त्या बेटावर त्यांनी क्वाड-बाइक चालवली होती. हे वाहन मी तोवर पाहिले नव्हते. ट्रॅक्टरच्या पोटी मोटारसायकल जन्माला आली तर ती जशी दिसेल तसे ते दिसते. चार जाडजूड चाके, वर घोड्यासारखी मांड ठोकून बसायची जागा. डोक्यावर शिरस्त्राण, डोळ्यांवर मोठा चष्मा, नाकातोंडावर रुमाल, असा आमचा मेहुणा त्यावर आरूढ झालेला होता. पुढे वाटाड्याची गाडी आणि मागे ही सगळी मंडळी, बदकाच्या पिलांसारखी एका ओळीत. ठरलेल्या वाटेबाहेर चाक घालायचे नाही, अशी सक्त ताकीद. राष्ट्रीय उद्यानाच्या आत तर या गाड्यांना मज्जावच आहे. तिथे बसमधूनच फिरवतात.

"भाऊजी, अगदी चंद्रावर गेल्यासारखं वाटतं," मेहुणे म्हणाले. "काळा दगड, काळी राख. झाड नाही, झुडूप नाही. असं काही आपल्याकडे कुठे पाहायला मिळणार?"

मी सवयीने मान डोलावली. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेले आबा बोलले. आबा म्हणजे माझे वडील. ते गावी शेतावर राहतात आणि दिवाळीपुरते मेहकरला आमच्याकडे येतात. इतका वेळ ते अडकित्त्याने सुपारी कातरीत बसले होते. त्यांचे लक्ष आहे असे कुणालाच वाटले नव्हते.

"पाव्हणे, ते जरा मांगं घ्या."

मेहुण्यांनी छायाचित्र मागे घेतले. त्यात मेहुणे एक हात उंचावून गाडीवर बसले होते.

"तुम्ही नाई. तुमच्या मांगं. जमिनीत खड्डे दिसतेत, ते कायचे?"

खरोखरच, गाडीच्या पलीकडे काळ्या उतारावर शेकडो खड्डे होते, आणि प्रत्येक खड्ड्याच्या एका अंगाला दगडांची बुटकी, अर्धचंद्राच्या आकाराची भिंत होती. मेहुण्यांना माहिती होती. वाटाड्याने सांगितली होती. तिथे पाऊस वर्षाला जेमतेम पाच-सहा इंच. जुनी माती राखेच्या थराखाली गाडली गेलेली. शेतकऱ्यांनी राख उकरून खाली मातीपर्यंत खड्डे केले आणि त्यांत द्राक्षाचे वेल लावले. एका खड्ड्यात एखाददुसरा वेल. भिंत कशाला, तर समुद्रावरून सतत वारा येतो, त्याला आडोसा म्हणून. ती काळी राख रात्रीचा ओलावा धरून ठेवते आणि दिवसा उन्हाला तो पिऊ देत नाही. अशा शेतीवर तिथे द्राक्षे होतात आणि त्यांची वाइनही निघते.

वाइनचा उल्लेख होताच आमच्या हिने डोळे वटारले. पण आबांचे तिकडे लक्ष नव्हते. त्यांनी ते छायाचित्र हातात घेतले, लांब धरले, जवळ धरले. मग मोबाइल परत देत ते आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, "खड्ड्यात लावतेत, अन् पिकते."

एवढे बोलून त्यांनी पुन्हा अडकित्ता उचलला. बाकीच्यांना त्यात काही वाटले नाही. मला मात्र चहाचा घोट गिळवेना. कारण त्या वाक्यात जो खड्डा होता तो लान्सारोतेचा नव्हता. तो आमच्या शेतातला होता.

ती गोष्ट अशी. आमचे गाव घाटावरचे. शेत सहा एकर, सारे कोरडवाहू. मी सातवीत होतो तेव्हा आबांनी विहीर खणायचे ठरवले. पाणाड्या आला. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो सगळ्या शेतातून फिरला. दोन ठिकाणी नारळ उभा राहिला, एकदा कडुनिंबापाशी आणि एकदा पलीकडच्या बोरींपाशी. "पाणी दोहींकडं हाये, मालकानं ठरवा," असे म्हणून दक्षिणा घेऊन तो निघून गेला.

आबा बराच वेळ बांधावर उभे होते. मग त्यांनी मला विचारले, "तू सांग. कुठं खंदू?" मी वर्गात पहिला येत असे. त्या काळी घरात शहाणपणाचे तेवढे एकच प्रमाणपत्र होते आणि ते माझ्याजवळ होते. मी म्हणालो, "निंबापाशी." का, तर दुपारी भाकरी घेऊन मला जावे लागणार होते आणि निंबाला सावली होती.

निंबापाशी विहीर धरली. आधी काळी माती लागली, मग मुरूम, आणि त्याखाली काळा खडक. यारी आली. सुरुंग लावायला माणसे आली. संध्याकाळी धडाका व्हायचा, जमीन हादरायची आणि आम्ही पोरे लांबून टाळ्या वाजवायचो. सकाळी आबा उतरून पाहत. हाताला ओल लागत नसे. नऊ परस खोल गेल्यावर पैसे संपले. काठावर दगडांचा ढीग निंबाच्या फांद्यांना लागला होता. आत कबुतरे राहायला आली. देणे भागवायला आबांनी दोन एकर विकले. ते बोरींकडचे होते. ज्यांनी ते घेतले त्यांनी पुढच्याच उन्हाळ्यात बोरींपाशी विहीर खणली आणि सातव्या परसाला तिला पाणी लागले.

सारा गाव ते पाणी पाहायला लोटला. आबाही गेले. त्यांनी नारळ वाहिला, गूळ खाल्ला, मालकाला 'चांगलं झालं' म्हटले आणि घरी आले. त्यानंतर त्यांनी त्या विहिरीविषयी अवाक्षर काढले नाही, आणि मला तर कधीच काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते. मी पुढे शिकलो, एम.ए. झालो, प्राध्यापक झालो. पण कुठेही 'तुमचं मत काय?' असे कुणी विचारले की अजून माझ्या पोटात कालवते. आमचे सहकारी याला माझा विनय म्हणतात.

असो. मेहुण्यांनी 'आपल्याकडे कुठे?' म्हटले होते, त्याचे उत्तर आमच्या कन्येने दिले.

"मामा, आपल्याकडे लोणार आहे ना! आम्ही शाळेच्या सहलीला गेलो होतो. बाबा कधीच खाली उतरले नाहीत."

हे दुसरे वाक्य अनावश्यक होते. पण खरे होते. मेहकरहून लोणार तासाभराची वाट. पंधरा वर्षे या तालुक्यात नोकरी करून मी ते विवर दोनतीनदा काठावरून पाहिले होते आणि पाहुण्यांना दाखवून परतलो होतो. काखेत कळसा असलेल्या माणसाला गावाला वळसा घालण्याचाही कंटाळा असतो.

दुसऱ्या दिवशी मोटार करून आम्ही निघालो. आबाही निघाले, हे नवल. 'तुम्हाला झेपणार नाही' असे हिने सांगून पाहिले. 'मी वरतं बसीन' म्हणून त्यांनी टोपी चढवली. सुलतानपूर मागे पडले. पावसाळा उशिरापर्यंत रेंगाळला होता, त्यामुळे रान अजून हिरवे होते. मेहुणे दर पाच मिनिटांनी विचारीत होते, "तिथे क्वाड-बाइक मिळत असेल का हो?"

क्वाड-बाइक नव्हती. लोणारचे विवर 2000 सालापासून अभयारण्य आहे. तिथे चाक चालत नाही, पाय चालवावे लागतात. मिळाला तो वाटाड्या, गळ्यात ओळखपत्र घातलेला एक तरतरीत तरुण. त्याने मला पाहताच वाकून नमस्कार केला.

"सर, ओळखलं नाही? बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. मराठीत तुम्ही मला पस्तीस दिले होते."

मेहुणे खो खो हसले. मी म्हणालो, "अरे, तू पेपर तसा लिहिला असशील."

"हो सर, वर्णनात्मक निबंध होता. 'मी पाहिलेले निसर्गरम्य स्थळ.' मी लोणार लिहिलं होतं. तुम्ही लाल शाईनं लिहिलं होतं, 'तपशील कमी.'"

आता यावर काय बोलायचे! ज्या स्थळात मी स्वतः कधी उतरलो नव्हतो, त्याच्या वर्णनात तपशील कमी असल्याचा शेरा मी मारला होता; आणि तोही तिथेच जन्मलेल्या मुलाला. पुढचे तीन तास त्याने मला तपशील पुरवले. मी मनातल्या मनात गुण वाढवीत गेलो.

आम्ही काठावर उभे राहिलो. समोर जमीन एकाएकी संपते आणि एक अजस्र वाटी दिसते. या काठापासून त्या काठापर्यंत सुमारे 1.8 किलोमीटर, खोली सुमारे 150 मीटर. उतारांवर दाट झाडी, तळाशी हिरवे, न हलणारे पाणी. आपण उभे असतो तो काठही भोवतालच्या शिवारापेक्षा वीसेक मीटर उंच आहे. खालून उडालेला दगड तिथे येऊन पडला, त्याचा हा बांध.

"सर, तुमचे पाव्हणे ज्वालामुखीचं बेट पाहून आले म्हणता," तो म्हणाला, "पण तुम्ही उभे आहात तोही ज्वालामुखीच आहे. हे विवर नव्हे, हा दगड."

मग त्याने सांगितले. साडेसहा कोटी वर्षांच्या मागेपुढे इथे जमिनीला भेगा पडल्या आणि लाव्हा वाहू लागला. एक थर थिजला की त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. आज जो दख्खनचा काळा दगड आपण म्हणतो तो हाच. अजूनही त्याने सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भूमी झाकली आहे. सह्याद्री त्याचाच, वेरूळ-अजिंठ्याची लेणी त्यातच कोरलेली, आपल्या घरातला पाटा-वरवंटा त्याचाच. म्हणजे आपण सारे मराठी लोक ज्वालामुखीवरच संसार मांडून बसलो आहोत आणि चंद्रासारखी जमीन पाहायला विमानाने दूरच्या बेटावर जातो! मेहुण्यांनी या वेळी मान डोलावली. त्यांना ती विद्या साधत असल्याचे पाहून मला बरे वाटले.

"आणि हा खड्डा?" कन्येने विचारले. तिला उत्तर ठाऊक होते. वडिलांची परीक्षा चालली होती.

"हा वरून आला. उल्का." 1823 साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या स्थळाची नोंद केली. पुढे कितीतरी वर्षे विद्वान याला ज्वालामुखीचेच तोंड समजत होते. 1896 साली गिल्बर्ट या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने अॅरिझोनातल्या विवराशी याचे साम्य असल्याचे म्हटले. पण वादाचा निकाल लागायला 1973 साल उजाडले. तळाशी भोके पाडून काढलेल्या दगडांत एक प्रकारची काच सापडली, आणि ती तशी बनायला लागणारा दाब ज्वालामुखीत नसतो. आकाशातून आदळणाऱ्या गोळ्याच्या तडाख्यातच असतो. विवराच्या वयाचा मात्र अजून घोळ आहे. एका पद्धतीने 52 हजार वर्षे येतात, तर 2011 साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या मोजणीने 5 लाख 70 हजार. "बायकांच्या वयासारखंच," मेहुणे म्हणाले, आणि बहिणीकडून त्यांना योग्य ती शिक्षा मिळाली.

ज्वालामुखीच्या काळ्या दगडात उल्केने पाडलेले आणि असे शाबूत राहिलेले विवर पृथ्वीवर फार दुर्मीळ. म्हणून चंद्र आणि मंगळ यांवरच्या विवरांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ लोणारला येतात. चांदोबाच्या तोंडावरचे काळे डाग, ज्यांत आपल्याला ससा दिसतो, तेही याच जातीच्या दगडाचे. कन्येने मामाकडे विजयी मुद्रेने पाहिले. चंद्रावर गेल्यासारखे वाटायला क्वाड-बाइक लागत नाही, एवढे सिद्ध झाले.

धारेपाशी आलो. विवराच्या वरच्या अंगाला हे तीर्थ आहे. कड्यातून गोमुखावाटे पाण्याची जाड धार बारमाही पडते. तिथे आबा थांबले. "तुम्ही जा. मी इथंच बसतो," ते म्हणाले. त्यांनी चपला काढल्या, हातपाय धुतले आणि पायरीवर बसून ते त्या धारेकडे पाहू लागले.

आम्ही उतरू लागलो. चढणीच्या मानाने उतरण सोपी, हा समज ज्या कुणी पसरवला त्याचे गुडघे पोलादाचे असावेत. मेहुण्यांच्या परदेशी बुटांचे तळ घसरत होते; मी झाडांना धरून, कधी बसून, असा प्रवास करीत होतो. सीताफळी, साग, मधूनच मोराची केकावली. उजवीकडे-डावीकडे जुनी मंदिरे, काही उभी, काही ढासळलेली. वाटाड्याने लवणासुराची कथा सांगितली. हा दैत्य इथे भूमीच्या पोटात दडून बसला होता. विष्णूने पायाच्या अंगठ्याने वरचे झाकण उडवले आणि त्याचा वध केला. गावातले दैत्यसूदनाचे देऊळ त्याचेच. तळ्यातले पाणी म्हणजे दैत्याचे रक्त आणि खार म्हणजे त्याचे मांस.

"सर, शास्त्रज्ञांनी फार वेगळं काय सांगितलं?" तो म्हणाला. "वरून कुणीतरी आलं आणि जमिनीचं झाकण उडालं, हे आमच्या म्हाताऱ्यांना आधीच ठाऊक होतं."

पस्तीसचे मी मनात साठ केले.

तळ्याकाठी एक उग्र वास येतो. पाणी खारट आणि साबणासारखे बुळबुळीत. आइने-अकबरीत सुद्धा या जागेचा उल्लेख आहे, की काच आणि साबण करायला लागणारे सारे इथे सापडते. उन्हाळ्यात पाणी आटले की काठावर क्षार बसत. त्यांना दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी नावे होती. किती सुंदर शब्द! आमच्या भाषाशास्त्राच्या तासाला यांतला एकही येत नाही. कमळजादेवीचे देऊळ काठावरच आहे. जवळच सासू-सुनेची विहीर सांगतात. तिचे एका अंगाचे पाणी गोड आणि दुसऱ्या अंगाचे खारट. कोणते अंग कुणाचे हे विचारायचे धाडस आम्हा दोघा पुरुषांपैकी कुणी केले नाही.

पण माझे लक्ष त्या विहिरीवरून हलेना. मी विचारले, "अरे, खाली सगळं खारट, मग वरच्या धारेला गोड पाणी कुठून येतं? आणि तेही दगडातून?"

त्याने वळून विवराच्या भिंतीकडे बोट दाखवले. झाडीतून जिथे कडा उघडा होता तिथे दगडाचे आडवे पट्टे दिसत होते. "ते पाहा सर. एकेक पट्टा म्हणजे लाव्हाचा एकेक थर. अखंड दगडात पाणी नसतं. पण दोन थर जिथे टेकतात तो सांधा कुजका, भुसभुशीत असतो. पाऊस वर मुरतो आणि त्या सांध्यातून, भेगांतून वाट काढत जातो. इथे उल्केनं जमीन कापली, म्हणून तो सांधा उघडा पडला आणि पाणी बाहेर आलं."

"आणि विहीर खणली तर?"

"सांधा किंवा भेग सापडली तर पाणी. नाही सापडली तर ठणठणीत. म्हणून तर आपल्याकडे एकाच शेतात एकाला सातव्या परसाला लागतं आणि पन्नास पावलांवर दुसऱ्याचे पैसे बुडतात. त्यात कुणाची चूक नसते, सर. दगड आतून कसा आहे ते वरून दिसत नाही."

त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक! तो सगळ्यांनाच हे सांगत असेल. मी तिथेच एका दगडावर बसलो. मेहुण्यांना वाटले, मी दमलो. तेही खरेच होते.

चढणीचे वर्णन करीत नाही. ज्यांना हृदयाचे ठोके कानात ऐकायची हौस असेल त्यांनी ती जरूर चढावी. मी सर्वांच्या मागे राहिलो, आणि वर आलो तेव्हा बाकीची मंडळी चहाच्या शोधात पुढे गेली होती. आबा पायरीवर तसेच बसून होते. त्यांची धोतराची सोग ओली होती. मी शेजारी टेकलो.

"दगडातून येते," ते धारेकडे पाहत म्हणाले. "बारा मयने. मी इचारलं इथल्या मानसाले."

मग मला जे कळले होते ते मी त्यांना सांगितले. थर, सांधा, भेग. शिकवायची सवय आहे, तरी शब्द नीट येत नव्हते. आबा ऐकत होते. शेवटी मी म्हणालो, "आबा, तेव्हा तुम्ही मला विचारलं होतं. बोरींपाशी की निंबापाशी. मी निंब सांगितला होता."

हे वाक्य बोलायला मला एकतीस वर्षे लागली होती. आबांनी माझ्याकडे पाहिले.

"तुले इचारलं व्हतं? मले तं याद नाई."

"विचारलं होतं, आबा. बांधावर."

"निंब मीच धरला व्हता," ते म्हणाले. "मजुरायले सावली पाह्यजे का नाई? उन्हात खंदतीन का ते?" आणि थोडे थांबून, "लहान पोराचं ऐकून कोनी इहीर खंदते का, पागल!"

आता आबांची स्मरणशक्ती कशी आहे ते मला ठाऊक आहे. कोणत्या सालात कोणत्या तासात कोणते बियाणे पेरले, कोणत्या बैलाची किंमत किती आली, हे त्यांना आजही तोंडपाठ आहे. तेव्हा त्यांना खरेच आठवत नव्हते, की आठवत होते आणि त्यांनी ते ओझे उचलून स्वतःच्या बाजूला ठेवले, हे मी सांगू शकत नाही. दगड आतून कसा आहे ते वरून दिसत नाही. मी ओंजळ धरून ते पाणी प्यायलो. गोड होते.

परतीच्या वाटेवर आबांनी मेहुण्यांकडून मोबाइल मागून घेतला आणि ते खड्ड्यांचे छायाचित्र पुन्हा पाहिले. "ह्या भिती किती उंच असतीन?" मेहुण्यांनी गुडघ्याच्या वर हात धरून दाखवला. आबांनी मान हलवली. ती माझ्यासारखी नुसती डोलावलेली नव्हती.

पुढचे साल 2020. माणसे घरात कोंडली गेली, मेहुणे इंग्लंडात अडकले, मी मोबाइलसमोर बसून न दिसणाऱ्या विद्यार्थ्यांना काव्यशास्त्र शिकवू लागलो. त्या जूनमध्ये लोणारचे पाणी एकाएकी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितले की खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा तो रंग. पाणी आटून क्षार वाढले की ते फोफावतात. त्याच नोव्हेंबरात तळ्याला रामसर यादीत जागा मिळाली. आबांना मी फोनवरून गुलाबी पाण्याची बातमी सांगितली. "दैत्याचं रक्त वर आलं म्हना की," ते म्हणाले आणि लगेच, "मी कामात हावो," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

काय काम ते मला गावी गेल्यावर कळले. त्या कोरड्या विहिरीच्या काठावर तीस वर्षे जो दगडांचा ढीग पडून होता, ज्यात साप राहत आणि ज्याकडे आबा मान वर करून पाहत नसत, तो अर्धा खाली आला होता. उताराच्या पडीक तुकड्यावर अकरा खड्डे होते. प्रत्येकात सीताफळीचे एक रोप, आणि प्रत्येकाच्या खालच्या अंगाला त्या सुरुंगाच्या काळ्या दगडांची अर्धचंद्राच्या आकाराची भिंत, गुडघ्याच्या वर. वाऱ्याऐवजी आमच्याकडे पावसाचे पाणी अडवायचे होते, म्हणून त्यांनी भिंतीची दिशा फिरवली होती. बाकी सारे छायाचित्राबरहुकूम. मी ते मोबाइलवरून मेहुण्यांना दाखवले. ते तिकडे ओरडले, "भाऊजी, हे तर लान्सारोते!"

विहीर अजून कोरडीच आहे. कबुतरे आहेत. अकरांपैकी सात रोपे जगली. परवा दिवाळीच्या आधी आबांनी पहिली टोपली पाठवली. फळे लहान, पण डोळे चांगले उघडलेले. टोपलीबरोबर निरोप होता: दोन फळे त्या लोणारच्या पोराला पोचवा.

मी ती नेऊन दिली. पस्तीसचे आता काही करता येत नाही. विद्यापीठाचे नियम कडक आहेत.